दीड तोळा साखर

सराफ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं. दागिने बघणारी मंडळी संध्याकाळी येतात, आणि दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर खाणारी मंडळी जमतात. मे महिन्यातल्या एका टळटळीत दुपारी मी पर्समधून किलोभर साखरेची पिशवी काढून काचेच्या काउंटरवर ठेवली, तेव्हा दुकानात मामा, मालक आणि डोक्यावरचा पंखा एवढेच होते.

मामा म्हणजे ह्यांचे मामा. चाळीस वर्षं त्या पेढीवर मुनीम. हिशेब मराठीत करतात, भाव हिंदीत सांगतात आणि कारागिरावर ओरडतात माळवीत. इंदूरचा जुना मराठी माणूस असाच, तीन खिशांचा.

"किती म्हणालीस?"

"पंधरा ग्रॅम, मामा. अशा चाळीस पुड्या."

"म्हणजे दीड तोळा." चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठला तोळा पण? नवा दहाचा की जुना? जुन्या तोळ्यानं धरशील तर साडेसतरा ग्रॅम होतील. कुठला ते कळल्याशिवाय सराफ काट्याला हात लावत नाही, सूनबाई."

मालकांनी गल्ल्यावरूनच विचारलं, "भाभीजी, शक्कर पे भी हॉलमार्क लगेगा क्या?"

सोन्याचा काटा वाऱ्यानं हलतो, म्हणून पंखा बंद केला. घामाच्या धारा पुसत मी बटर पेपरचे चौकोन कापत होते आणि मामा चिमटीनं साखर टाकत होते. १४.९८ आला तर आणखी चार दाणे. मी म्हटलं, "मामा, एवढं नको हो, एखादा ग्रॅम इकडे-तिकडे चालतो." ते थांबले. "मग हे आधी सांगायचं. किती इकडे, किती तिकडे?"

गेली काही वर्षं माझ्या नोकरीत मी नेमकं जे शिकायचा प्रयत्न करते आहे, ते मामांनी पाच मिनिटांत दोनदा विचारलं होतं.

मी एका हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते. त्याआधी वीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. आता टेबल-खुर्ची आहे, संगणक आहे, आणि लोक मला 'क्वालिटीवाल्या मॅडम' म्हणतात. पाठीमागे 'फाइलवाली बाई' म्हणतात हेही मला ठाऊक आहे. काम असं, की जगभरातल्या तज्ज्ञांच्या संस्था कुठल्या आजारात काय करावं याच्या मार्गदर्शक सूचना काढतात, ज्यांना आमच्याकडे सगळे गाइडलाइन म्हणतात, त्या वाचायच्या आणि आपल्या हॉस्पिटलासाठी त्यांची एसओपी, म्हणजे कुठलं काम कसं करायचं याची लेखी पद्धत, करायची. मग तिची फाइल होते, फाइलला नंबर पडतो, नंबर कपाटात जातो आणि तपासणीची टीम आली की कपाट उघडतं.

त्या पुड्यांमागे एक रात्र आहे.

निमाडकडून आलेले एक आजोबा, पायाला जखम, साखरेचा आजार जुना. त्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळचं इन्सुलिन नेहमीच्या वेळी टोचलं गेलं, आणि जेवणाचं ताट आलं तसं परत गेलं. आजोबांनी 'नंतर फराळ करीन' म्हटलं आणि झोपले. ताट परत गेल्याची नोंद जेवणाच्या ट्रॉलीवाल्याकडे, इन्सुलिनची नोंद सिस्टरकडे. दोन्ही नोंदी बरोबर होत्या, फक्त एकमेकींना भेटल्या नाहीत.

पहाटे तीनच्या आत-बाहेर त्यांच्या मुलानं हाक मारली. बाबा घामानं चिंब, भलतंच बोलतायत. ड्युटीवर केरळची एक पोरगेलीशी सिस्टर होती. तिनं ग्लुकोमीटर लावला, आकडा आला ४८. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर लो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आजोबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणजे तोंडावाटे साखर द्यायची. पण साखर कुठाय? पॅन्ट्रीला नऊला कुलूप लागतं. फार्मसी म्हणाली, इंडेंट म्हणजे मागणीचिठ्ठी आणा, वर डॉक्टरची सही. आरएमओ, म्हणजे रात्रपाळीचे डॉक्टर, खालच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. शेवटी शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांच्या पिशवीतून क्रीमची बिस्किटं निघाली, ती दिली. बिस्किटातली चरबी साखरेला लवकर रक्तात उतरू देत नाही. पंधरा मिनिटांत आजोबा सुस्तावले. तोवर आरएमओ धावत आले, पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, शिरेतून दिलं, आणि आजोबा डोळे उघडून 'चाय मिलेगी?' म्हणाले.

निभावलं. पण चौकशी झालीच. बैठकीत आमची एसओपी वाचली गेली: 'रुग्ण शुद्धीवर असल्यास जलद शोषले जाणारे कर्बोदक योग्य प्रमाणात द्यावे व आवश्यकतेनुसार साखरेची पुनर्तपासणी करावी.' मग निष्कर्ष: सिस्टरला प्रोटोकॉल माहीत नव्हता, पुन्हा ट्रेनिंग द्यावं. खाली सही माझी. आणि ते वाक्यही माझंच. एका परदेशी गाइडलाइनवरून मी ते बसल्या जागी उतरवलं होतं, हिंदी भाषांतरही मीच केलं होतं, आणि तेव्हा मला ते फार रुबाबदार वाटलं होतं.

ट्रेनिंगला ती आली. मी पहिली स्लाइड लावली, तर हात वर न करता, अगदी हळू म्हणाली, "मॅडम, पता सब था। शक्कर नहीं थी।"

त्या दिवशी उरलेल्या स्लाइड मी दाखवल्या नाहीत.

घरी येऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. 'योग्य प्रमाणात' म्हणजे किती, हे मूळ गाइडलाइनमध्ये होतं: पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून सत्तरच्या खाली असेल तर परत द्या. जगभर पंधरा-पंधराचा नियम म्हणतात त्याला. ते मी 'योग्य' या एका शब्दात बुडवून टाकलं होतं, का तर एसओपीची भाषा भारदस्त हवी. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांनाही वीस वर्षांची शुगर. त्यांना वाचून दाखवलं.

"जलद शोषले जाणारे म्हणजे काय गं? पोळी चालेल?"

"नाही आई, पोळीला वेळ लागतो."

"मग साखर म्हणावं ना सरळ. आणि कुणी द्यावं? द्यावं द्यावं चाललंय, देणारा कोण?"

आपल्या मराठीत ही 'वे'ची क्रियापदं फार सोयीची. करावे, पाहावे, कळवावे. कर्त्याला यात हजेरी लावावी लागत नाही. सरकारी परिपत्रकांनी ती आपल्या हाडीमासी इतकी खिळवली आहेत, की 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' हे वाचून कुणालाही प्रश्न पडत नाही. इंग्रजी गाइडलाइनमध्येही हेच, फक्त तिथे 'विचार करावा' या अर्थाचा एक शब्द पानोपानी पेरलेला असतो. अमुक औषधाचा विचार करावा. केला विचार. पुढे?

ही केवळ माझी कुरकूर नाही. नेदरलँड्समधल्या ६१ फॅमिली डॉक्टरांचे हजारो निर्णय तपासून १९९८ साली एक अभ्यास छापला गेला होता. जिथे सूचना मोघम होती तिथे ती ३६ टक्के वेळा पाळली गेली, जिथे नेमकी होती तिथे ६७ टक्के. डॉक्टर तेच, शिक्षण तेच. आपण मात्र न पाळणाऱ्याला आळशी ठरवून त्याचं ट्रेनिंग लावतो, आणि वाक्य तसंच राहतं.

पुढे येल विद्यापीठात रिचर्ड शिफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गाइडलाइन वापरण्याजोगी आहे का हे जोखायची एक प्रश्नावलीच केली. त्यातले दोन प्रश्न मी माझ्या टेबलाच्या काचेखाली माझ्या भाषेत लिहून ठेवलेत: नेमकं केव्हा? नेमकं काय? मामांच्या 'कुठला तोळा'चेच हे सख्खे भाऊ. काचेखाली तिसरा प्रश्न सासूबाईंचा आहे: देणारा कोण?

त्याच १९९८ सालचा आणखी एक लेख आठवला की मला आमचा रद्दीवाला आठवतो. इंग्लंडात केंब्रिज आणि हंटिंग्डन भागातल्या २२ दवाखान्यांत जाऊन काही जणांनी तिथल्या सगळ्या गाइडलाइन गोळा केल्या. ८५५ निघाल्या. एकावर एक रचल्या तर ६८ सेंटिमीटर उंची, वजन २८ किलो. वजन केलं त्यांनी! मी तो आकडा वाचला त्या आठवड्यात आमच्या कपाटातल्या फाइलींकडे बघून मनातल्या मनात काटा लावला होता. आता तर कागदाचंही कारण उरलेलं नाही, सगळं मोबाइलमध्ये पीडीएफ होऊन पडतं, आणि पीडीएफला वजन नसल्यामुळे कुणाला लाजही वाटत नाही.

माहिती असणं आणि ती हाताला लागणं यांतलं अंतर किती मोठं असू शकतं, याचं जुनं उदाहरण ब्रिटिश नौदलाचं. जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं १७४७ मध्ये स्कर्व्ही, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा आजार, झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघे भराभर सुधारले. नौदलानं सगळ्यांना लिंबाचा रस द्यायचं ठरवलं १७९५ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षं. मधल्या काळात लिंडनी स्वतः एक घोळ घातला होता. रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवायची कृती त्यांनी सांगितली, आणि त्या आटवण्यात रसातलं औषधच उडून जाई. उपाय बरोबर, तो जहाजावर नेण्याची रीत चूक. पॅन्ट्रीच्या कुलपाशी मला हे फार जवळचं वाटलं.

आणि लांब कशाला जायचं, आमच्या गल्लीतलंच बघा. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हा नियम देशभर २००० सालीच कागदावर आला होता. इंदूरच्या लोकांना तेव्हा तो माहीत नव्हता असं नाही. २०१७ मध्ये शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याआधी इथली माणसं काही एका रात्रीत सद्गुणी झाली नव्हती. झालं एवढंच, की रोज ठरलेल्या वेळी गाणं वाजवत गाडी दाराशी यायला लागली, गाडीलाच वेगवेगळे कप्पे होते, आणि चुकीच्या कप्प्यात टाकू गेलात तर गाडीवरचा माणूस 'भिया, इधर नी, उधर' म्हणून हात धरत होता. आमच्या सासूबाईंनी तोवर पन्नास वर्षं सगळा कचरा एकत्रच टाकला होता, आठ दिवसांत त्या शेजारणीला शिकवायला लागल्या. शहराचं सगळंच आलबेल आहे असं कुणी इंदुरी म्हणणार नाही, पण ही एक गोष्ट मी रोज सकाळी दारात उभी राहून बघते. नियम तोच होता. तो दारापर्यंत आला.

औषधोपचारातही असं होऊ शकतं, आणि झालंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये रक्तदाबासाठी एक राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांतल्या पंचवीसेक जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. रक्तदाबाच्या औषधांचे प्रकार इतके, की दहा डॉक्टर दहा चिठ्ठ्या लिहितील आणि दहाही बरोबर असतील. त्यांनी प्रत्येक राज्यापुरतं एक पान ठरवलं. १४०/९० च्या वर गेला की कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, महिन्यानं परत मोजायचं, उतरला नसेल तर पुढची पायरी कुठली. गोळ्या मोजक्याच, त्यामुळे त्या साठवणं सोपं, महिनाभराच्या एकदम देणं सोपं, मोजून लिहून ठेवायचं काम सिस्टरनं करणं सोपं. मला यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हे, की गोळ्यांची यादी आणि गोदामाची यादी एकाच बैठकीत ठरली. २०२२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनंही २०१९ पासून एकेका आजाराचं एकेक पान काढलंय, बाण आणि चौकटींचं. आमच्या ओपीडीत त्यातलं एक भिंतीवर आहे. दुर्दैवानं पाण्याच्या कूलरमागे.

तर पुड्या. मामांच्या काट्यावर चाळीस पुड्या झाल्या, बाहेर पडताना मालकांनी त्या दागिन्यांच्या लाल डबीत घालून दिल्या. माझा बेत असा होता, की पुड्या पॅन्ट्रीत किंवा औषधांच्या कपाटात ठेवायच्याच नाहीत. ग्लुकोमीटरच्या ट्रेमध्येच एक डबा, त्यात पुड्या. आकडा दिसतो त्या क्षणी हात ट्रेवरच असतो, पुडीला दुसरीकडे जावं लागता कामा नये. चमचे का नाही म्हणाल, तर मी घरच्या आणि हॉस्पिटलच्या कँटीनच्या चमच्यांनी साखर मोजून पाहिली होती. आमचा सपाट चमचा चार ग्रॅमचा, शिगोशीग भरला तर सातचा, आणि कँटीनचा तीनच्याही आत. 'तीन-चार चमचे' म्हणणारी गाइडलाइन कुणाच्या घरचा चमचा धरते, देव जाणे.

झाकणावर हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं. ७० से कम? होश में है, निगल सकता है, तो सिस्टर एक पुड़ी आधे गिलास पानी में दे। १५ मिनट का अलार्म। फिर जाँच। फिर भी ७० से कम, तो दूसरी पुड़ी और आरएमओ को फ़ोन। होश में नहीं है तो मुँह से कुछ नहीं, सिस्टर तुरंत २५% डेक्स्ट्रोज १०० एमएल शुरू करे, साथ में फ़ोन।

कमिटीत तीन बैठका गेल्या. भांडण साखरेवरून नव्हतंच, ते 'सिस्टर तुरंत' या दोन शब्दांवरून होतं. एक ज्येष्ठ डॉक्टर, माणूस अतिशय सज्जन, म्हणाले, "उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?" मी म्हटलं, त्या रात्री उत्तर तरी कुणी दिलं सर? खोलीत जरा थंडावा पसरला. आता वाटतं, तसं बोलायला नको होतं, कारण पुढच्या बैठकीत त्यांनीच दोन गोष्टी काढल्या ज्या माझ्या झाकणावर नव्हत्या. पहिली: साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांचा अंमल लांबतो, मूत्रपिंड अधू असलं की आणखीच. अशा पेशंटची शुगर पुडीनं वर आली तरी दोन तासांनी परत घसरते. पंधरा मिनिटांनी ८८ दिसला म्हणून सिस्टर निर्धास्त झाली तर घात. दुसरी: शुगर वर आली की पोटात काही तरी जायला हवं, पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाणं. त्यांनी स्वतःच्या अक्षरात झाकणावर एक ओळ वाढवली: 'एक घंटे बाद फिर जाँच। कुछ खिलाया?' मग सही केली. या सगळ्याला चार महिने लागले. सही सर्वांत वर त्यांचीच आहे, आणि पेन ठेवताना म्हणाले, "तुमच्या जुन्या एसओपीवरही माझीच सही होती म्हणा."

आणि खरा तडाखा त्यानंतर बसला. फार्मसीत देवासचा एक मुलगा आहे, नुकताच लागलेला, अगदी हळू आवाजात बोलतो. डबा हातात घेऊन त्यानं विचारलं, "मॅडम, ये शक्कर है या ग्लुकोज?"

"शक्कर. तोलकर भरी है।" मी अभिमानानं म्हटलं. दीड तोळा, सराफ्याच्या काट्यावर.

"वोग्लिबोज वाले पेशंट को?"

माझ्या पोटात खड्डा पडला. वोग्लिबोज, अकार्बोज या गोळ्यांचं कामच मुळी हे, की आतड्यात साखरेचे तुकडे होऊ द्यायचे नाहीत. आपली स्वयंपाकघरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती जोडी फुटली तरच ग्लुकोज रक्तात जातं. ही गोळी घेणाऱ्याला माझी पुडी दिली असती तर ती पोटात तशीच पडून राहिली असती, आणि सिस्टर पंधरा मिनिटं अलार्मची वाट बघत बसली असती. आपल्याकडे ही गोळी काही दुर्मीळ नाही. आमच्याच सासूबाईंच्या डबीत आहे! रोज रात्री मीच देते. वीस वर्षांची सिस्टर, क्वालिटीची मॅडम, आणि 'सोपं करायचं' या भरात मीच ती एक गोष्ट गाळली होती. मूळ गाइडलाइनमध्ये साखर नाही, 'ग्लुकोज' असाच शब्द होता. तो मला पुस्तकी वाटला होता.

सोपं करणं म्हणजे गाळणं, आणि काय गाळायचं हे ज्याला कळतं त्यानंच ते करावं, असं कुणी मला तेव्हा सुनावलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. (त्या मुलानं नाही सुनावलं. तो फक्त म्हणाला, "ग्लुकोज पावडर मँगा देता हूँ।") शब्द पुस्तकी की कामाचा, हे एकट्यानं घरच्या टेबलावर बसून ठरत नाही. सासूबाईंनी त्यांचं काम चोख केलं होतं, मामांनीही. पण त्या टेबलापाशी फार्मसीवाला नव्हता.

हे सगळं चालू असताना मी चेकलिस्टच्या गोष्टीही वाचत होते, कारण कमिटीत कुणी ना कुणी अमेरिकेतले सर्जन अतुल गावंदे यांचं नाव काढायचंच. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, त्यामुळे आम्हा मराठी मंडळींना जरा जास्तच आपुलकी. शस्त्रक्रियेत भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि शेवटी थांबून बघायची १९ कलमांची यादी, आठ शहरांतली आठ रुग्णालयं, त्यातलं एक दिल्लीचं. २००९ मध्ये आकडे छापून आले, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती यादी सगळ्यांना लागू केली, आणि २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा हिशेब आला तर म्हणण्यासारखा फरकच नाही. यादी तीच. वरून हुकूम आला की चौकोनात बरोबरच्या खुणा भरभर पडतात, आमच्याकडेही पडतात, शिफ्ट संपताना एकाच पेनानं, एकाच तिरप्या रेघेत.

उत्तर प्रदेशातली गोष्ट मला त्याहून जास्त सतावते. तिथे बाळंतपणाच्या यादीबरोबर शिकवणारी माणसं महिनोन्‌महिने जाऊन शेजारी उभी राहिली. सिस्टरांनी यादीतल्या गोष्टी खरोखरच जास्त केल्या. २०१७ मध्ये निकाल आला, माता-बालकांचे मृत्यू मात्र उतरले नव्हते. यावर काय म्हणायचं? वापर सोपा करणं हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे, आणि तरी हा निकाल मी बाजूला सारू शकत नाही. रक्त, भूल, सर्जन आणि गाडी नसेल तिथे पान कितीही सुबक असो.

पण मग बेळगावची पिशवीही आठवते. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे नजरेनं सांगायचं, आणि नजर बहुतेक वेळा कमीच सांगते. बेळगावच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर वीसेक वर्षांपूर्वी एक प्लास्टिकची साधी पिशवी केली, बाईच्या खाली अंथरायची, तळाशी मापाच्या रेघा. अशाच रेघा असलेली पिशवी आणि पाठोपाठ करायच्या उपायांचा एक ठरलेला गठ्ठा, एवढ्यावर आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत काम झालं आणि जीवघेणा रक्तस्राव साठ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. त्या रेघेपाशी सिस्टरला 'बरंच वाटतंय' असं म्हणावं लागत नाही. ती आकडा वाचते आणि हात चालू होतो. मामांना दाखवायला हवी ती पिशवी, त्यांना पटेल.

ग्लुकोज पावडरच्या पुड्या फार्मसीनं भरल्या, पंधरा-पंधराच्या, प्रत्येक वॉर्डाच्या ट्रेमध्ये सहा. पहिला महिना झकास. दुसऱ्या महिन्यात एका रात्री मी मुद्दाम राउंडला गेले, तर तीन वॉर्डांत डबे रिकामे. एकही पेशंट लो झाला नव्हता. शोध घेतला तर दुपारच्या पाळीत सरबतासाठी कुणी तरी लिंबू आणलं होतं. संत्र्याच्या चवीची पावडर आणली होती आम्ही, चूक आमचीच. आता बिनचवीची आणतो, डब्याला क्रॅश कार्टसारखं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीला असतं तसं, प्लास्टिकचं सील असतं, आणि हँडओव्हरच्या वेळी सिस्टर एकमेकींना ऑक्सिजन, सक्शनबरोबर 'छह पुड़ी' असं मोठ्यानं म्हणतात. जेवणाच्या ट्रॉलीवाल्यालाही एक काम वाढलंय. ताट परत आलं की तो लाल टोकन सिस्टरच्या काउंटरवर ठेवतो. हे टोकन कुठल्याही गाइडलाइनमध्ये नाही, ते त्यानंच सुचवलं. कमिटीत त्याला कधी बोलावलं नव्हतं.

केरळची ती सिस्टर आता आखातात आहे. जाताना माझ्याकडून अनुभवाचा दाखला घेऊन गेली. तो मी लिहिला तेव्हा कुठेही 'योग्य' हा शब्द येऊ दिला नाही.

आणि सराफ्याच्या लाल डबीतल्या त्या चाळीस पुड्या? त्या फेकवेनात. घरी आणल्या. एकेक उघडून सकाळच्या चहात जाते, एका पुडीत आम्हा दोघांचे चहा जरा जास्तच गोड होतात. सासूबाई लांबून बघतात आणि त्यांच्या बिनसाखरेच्या कपातून घोट घेत म्हणतात, "आज किती तोळे?" मामा परवा एका मुंजीत भेटले. पंगतीत वाढत होते, जिलबीचं ताट घेऊन माझ्यासमोर थांबले आणि चारचौघांत विचारलं, "काय सूनबाई, आपली साखर उपयोगी पडते ना रोज?"

मी म्हटलं, "रोज पडते, मामा."

चौदा पुड्या अजून आहेत.